निकालाला वर्ष झाले, अबोला मात्र कायम

वाचकाचे पत्र

सा. न. वि. वि.

आम्ही इंदूरच्या राजेंद्र नगरात राहतो. तळमजल्यावर आम्ही दोघे आणि वर धाकटे दीर व जाऊ, असे एकाच घरात पण वेगळ्या चुलींवर आमचे वर्षानुवर्षे सुखाने चालले होते. माझे यजमान बँकेतून निवृत्त झाले आहेत. भाऊजी भाजपचे जुने कार्यकर्ते असून पन्नाप्रमुख, म्हणजे मतदार यादीच्या एका पानावरच्या मतदारांची जबाबदारी असलेले, आहेत आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर पक्षाचे प्रतिनिधी म्हणून बसतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत यजमानांनी ‘नोटा’चे, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबले आणि तसे सगळ्यांना सांगितलेही. ४ जूनला संध्याकाळी भाऊजी जिलबीचा पुडा घेऊन खाली आले, तेव्हा यजमान म्हणाले, ‘समोर कोणी नव्हतेच, मग तुम्ही हरवले कुणाला?’ त्यावर भाऊजी म्हणाले, ‘दादा, दोन लाख मते गटारात गेली आणि त्यांत तुझे एक होते.’ पुडा टेबलावर ठेवून ते वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो मुंग्यांसकट उचलून टाकला.

तेव्हापासून दोघे भाऊ बोलत नाहीत. सासऱ्यांच्या वेळेपासून घरात एकच गणपती बसत असे. मागच्या वर्षी भाऊजींनी वर वेगळी मूर्ती आणली. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यजमान मतदान यंत्रांविषयीचे संदेश टाकतात आणि भाऊजी त्यांखाली हसरे चेहरे. पुण्याचा मुलगा म्हणतो, ‘काकाला ब्लॉक करा आणि सुखाने राहा.’ सासरे गिरणी कामगार होते आणि कम्युनिस्ट नेते होमी दाजींचे कट्टर अनुयायी. त्यांचे सख्खे भाऊ जनसंघाचे. पण त्यांच्यात असे कधी झाले नाही. यंदा, २०२५ मध्ये, २७ ऑगस्टला गणपती आहेत. घरात राजकारण बोलायचे नाही, असा नियम मी करावा काय? की यजमान मोठे, म्हणून त्यांनीच आधी माफी मागावी?

— दोन मजल्यांमधली वहिनी

उत्तर

सौ. वहिनींस सप्रेम नमस्कार.

नियम करू नका. गेले वर्षभर हे दोघे भाऊ राजकारणच काय, वरच्या टाकीत पाणी चढले की नाही हेही एकमेकांना विचारत नसतील. म्हणजे आपल्या मनातला नियम त्याहून कडक स्वरूपात अमलात आलेलाच आहे आणि त्यातून काय निष्पन्न झाले ते आपण रोज पाहता. शिवाय ज्या घरात एक जण पक्षाचे काम करतो आणि दुसरा आपले मत चारचौघांत सांगतो, त्या घरात राजकारण वर्ज्य करणे म्हणजे दोघांनाही आपल्या आयुष्याचा मोठा भाग उंबऱ्याबाहेर ठेवायला लावणे होय.

आपल्या पत्रातली खरी नोंद घेण्याजोगी गोष्ट म्हणजे त्या संध्याकाळची दोन वाक्ये. ती पुन्हा वाचून पाहा. देशात कोणाचे सरकार यावे याविषयी दोघांपैकी कोणीही अवाक्षर काढलेले नाही. मोठ्याने धाकट्याच्या कामाची किंमत शून्य ठरवली आणि धाकट्याने मोठ्याच्या मताची. पक्षांचे भांडण समजून आपण यावर उपाय शोधत राहिलात तर तो लागू पडणार नाही, कारण दोघांनाही लागले आहे ते ‘तू मोजण्यात नाहीस’ हे.

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी मागची हकीकत थोडक्यात सांगतो. २९ एप्रिल २०२४ रोजी, म्हणजे अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांती बम यांनी अर्ज मागे घेतला आणि ते भाजपमध्ये गेले. काँग्रेसला दुसरा उमेदवार देता येण्याजोगा नव्हता, म्हणून त्या पक्षाने मतदारांना ‘नोटा’चे बटण दाबण्याचे आवाहन केले. १३ मे रोजी मतदान झाले. भाजपचे शंकर लालवानी यांना १२,२६,७५१ मते मिळाली, दुसऱ्या क्रमांकावरच्या बहुजन समाज पक्षाच्या उमेदवाराला ५१,६५९, आणि ‘नोटा’ला २,१८,६७४. मताधिक्य ११,७५,०९२ इतके प्रचंड होते आणि ‘नोटा’चा आकडाही देशातला तोवरचा सर्वांत मोठा होता. एकाच मतदारसंघात एकाच दिवशी दोन विक्रम झाले आणि आपल्या घरात ते एकेका मजल्याच्या वाट्याला आले, हे आपले दुर्दैव.

आता भाऊजींचे वाक्य घेऊ. कायद्याच्या भाषेत पाहिले तर त्यांचे म्हणणे निराधार नाही. ‘नोटा’ला सर्वांत जास्त मते पडली तरी लोकसभा निवडणूक रद्द होत नाही आणि उमेदवारांपैकी ज्याला अधिक मते असतील तोच निवडून आला असे जाहीर होते. परंतु हे बटण यंत्रावर आले ते उमेदवार पाडण्यासाठी आलेलेच नव्हते. २७ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते ठेवण्याचा आदेश दिला, तो अशासाठी की ज्याला एकही उमेदवार पसंत नाही त्यालाही केंद्रावर जाऊन, गुप्ततेने, आपली नापसंती नोंदवता यावी. त्याआधी अशा मतदाराला मतदान केंद्रावरच्या अधिकाऱ्यांसमोर तसे सांगून नोंद करावी लागे आणि त्यात गुप्तता कसली राहणार? त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या मध्य प्रदेश विधानसभेच्या निवडणुकीत हे बटण आपल्याकडे पहिल्यांदा दिसले. ज्या कामासाठी ते दिले आहे त्या कामासाठी आपल्या यजमानांनी ते वापरले. भर मे महिन्यात रांगेत उभे राहून ज्याने हे केले त्याच्या मताला गटार दाखवणे हे कायद्याचे ज्ञान नव्हे, तो उद्धटपणा आहे.

यजमानांच्या वाक्याकडे मात्र मला जरा अधिक वेळ थांबायचे आहे, कारण ते ऐकायला चतुर वाटते आणि चतुर वाक्ये अधिक काळ रुतून बसतात. ‘हरवले कुणाला?’ या प्रश्नाचे उत्तर २०१९ च्या आकड्यांत आहे. तेव्हा काँग्रेसचा उमेदवार पूर्ण ताकदीनिशी रिंगणात होता, त्याला ५ लाख २० हजारांहून अधिक मते पडली होती आणि तरीही लालवानी साडेपाच लाखांच्या आसपास मताधिक्याने निवडून आले होते. याचा सरळ अर्थ असा की २०२४ मध्ये अर्ज मागे घेतला गेला नसता तरी इंदूरचा निकाल बदलण्याची शक्यता फार थोडी होती. यजमानांची जागा कोणी हिसकावलेली नाही. त्यांची निवड हिसकावली गेली, आणि ती ज्याने अर्ज मागे घेतला व ज्यांनी तो घडवून आणला वा गोड मानून घेतला त्यांनी. रोज सकाळी याद्या घेऊन घरोघर फिरणाऱ्या धाकट्या भावाने ती हिसकावलेली नाही. समोर प्रतिस्पर्धी नसताना कार्यकर्त्याचे काम सोपे होते असे कोणाला वाटत असेल तर त्याने एखाद्या पन्नाप्रमुखाला विचारून पाहावे. ‘निवडून तर येणारच आहे, मग उन्हात कशाला जायचे?’ म्हणणाऱ्यांना बाहेर काढणे सर्वांत अवघड असते. इंदूरचे मतदान त्या वर्षी २०१९ च्या मानाने घटलेच होते.

भाऊजींनीही याच आकड्यांची दुसरी बाजू पाहावी. २०१९ मध्ये काँग्रेसला मत देणारे ते पाच लाखांवर लोक २०२४ मध्ये शहर सोडून गेले नव्हते. ते आपले शेजारी आहेत, त्यांतले काही आपले नातलग आहेत, आणि त्यांना यंत्रावर आपले चिन्ह सापडले नाही. जिंकलेल्या माणसाने त्या संध्याकाळी एवढे जरी मनात आणले असते तरी ती जिलबी कदाचित खाल्ली गेली असती.

त्या दिवशी दूरचित्रवाणीनेही घरोघर गोंधळच घातला होता, हे विसरू नका. मध्य प्रदेशात भाजपने २९ पैकी २९ जागा घेतल्या. उत्तर प्रदेशात मात्र समाजवादी पक्षाच्या ३७ आणि भाजपच्या ३३ झाल्या. देशभरात भाजपला २४० जागा मिळाल्या, म्हणजे स्वबळावर बहुमताला लागणाऱ्या २७२ पेक्षा कमी, पण मित्रपक्षांसह २९३ होऊन सरकार त्यांचेच आले. काँग्रेस ५२ वरून ९९ वर गेली आणि हरूनही आनंदात होती. जिंकलेले आकडेमोड करत बसले होते आणि हरलेले पेढे वाटत होते. अशा निकालात प्रत्येकाला आपल्याला हवा तो विजय निवडून घेता येतो. भाऊजी दिवसभर इंदूरचा निकाल पाहत होते आणि यजमान लखनौकडे डोळे लावून होते, असा माझा तर्क आहे. संध्याकाळी ते समोरासमोर आले तेव्हा दोघांच्या डोक्यात दोन वेगळे देश होते.

सासऱ्यांच्या पिढीविषयी आपण लिहिले आहे ते हृद्य आहे, पण त्यावर फार विसंबू नका. इंदूरने १९६२ मध्ये होमी दाजींना लोकसभेत पाठवले, १९७७ मध्ये जनता लाटेत कल्याण जैन यांना, १९८० आणि १९८४ मध्ये काँग्रेसच्या प्रकाशचंद्र सेठींना, आणि १९८९ मध्ये त्याच सेठींना हरवून सुमित्राताई महाजन निवडून आल्या त्या सलग आठ वेळा. इतक्या उलथापालथी झालेल्या शहरात भाऊ भावाशी कधी भांडलाच नाही, हे मानायला माझे मन धजत नाही. ते भांडत असणारच. फरक इतकाच की तेव्हा मोरी एक होती, नळ एक होता, सायकल एक होती, आणि अबोला धरला तरी सकाळी बादली पुढे सरकवायला तोंड उघडावेच लागे. आज दोन मजल्यांना दोन मीटर आहेत, दोन जिने नसले तरी दोन वेळा आहेत, आणि टोमणा मारायला ग्रुप आहे. पूर्वीच्या लोकांपाशी मोठे मन होते की नव्हते हे सांगणे कठीण. त्यांच्यापाशी एकमेकांना टाळण्याची सोय नव्हती एवढे नक्की.

यंत्रांविषयीच्या संदेशांबद्दल. निकालावर शंका घेणे हा मतदाराचा अधिकार आहे आणि शंका घेणारे नेहमी एकाच पक्षाचे असतात असेही नाही. २००९ च्या पराभवानंतर लालकृष्ण अडवाणींनीही मतदान यंत्रांऐवजी कागदी मतपत्रिकेचा आग्रह धरला होता. पण शंकेला जाण्यासाठी रस्ता आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार निकालापासून ४५ दिवसांत उमेदवाराला किंवा त्या मतदारसंघातील कोणत्याही मतदाराला उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. मतदान संपले की प्रत्येक केंद्रावर नमुना १७-सी मध्ये एकूण किती मते नोंदली गेली ते लिहून त्याची प्रत प्रतिनिधींना दिली जाते. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांवरच्या, यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटमधून निघालेल्या कागदी चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालपत्रात मतपत्रिकेकडे परत जाण्याची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना काही यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली. यांपैकी कोणताही मार्ग न धरता वर्षभर ग्रुपवर तोच तो संदेश पुढे ढकलत राहणे याला संशय म्हणत नाहीत, कुरकुर म्हणतात. आणि गंमत अशी की सकाळी मतदान सुरू होण्यापूर्वी किमान ५० मतांची चाचणी प्रतिनिधींसमोर होते, ती डोळ्यांनी पाहिलेला माणूस यजमानांच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतो. त्याला विचारावे. भाऊजींनीही हसरे चेहरे टाकण्याऐवजी, केंद्रावर दिवसभरात काय काय होते, कोणाच्या सह्या होतात, यंत्राला मोहोर कशी लागते, हे बसून सांगावे. त्यांच्या उत्तराने यजमानांचे समाधान होईलच असे नाही, पण निदान प्रश्न योग्य माणसाला विचारला जाईल.

मुलाच्या सल्ल्याविषयी एवढेच, की पुण्यात बसून काकाला ब्लॉक करणे सोपे आहे. आपल्याला जिना तोच वापरायचा आहे.

आता माफीचा प्रश्न. यजमान मोठे म्हणून त्यांनी आधी माफी मागावी, हे मला पटत नाही. वयाच्या नावाखाली मागितलेली माफी ही उपकारासारखी दिली जाते आणि धाकटा ती तशीच घेतो. यजमानांनी मताबद्दल क्षमा मागू नये, ‘नोटा’बद्दल तर मुळीच नाही, त्यांनी फक्त त्या एका वाक्याबद्दल बोलावे. ‘तुझ्या मेहनतीची मी थट्टा केली, ती करायला नको होती’ एवढे पुरे. त्यापुढे ‘पण’ जोडू नये. भाऊजींकडून परतफेडीची अपेक्षा त्याच बैठकीत ठेवू नये. येईल तेव्हा येईल. हे ग्रुपवर लिहू नये, आपल्याकरवी निरोपही पाठवू नये.

निरोपावरून आठवले. आपल्या पत्रात यजमानांचे मत आहे, भाऊजींचे मत आहे, मुलाचे मत आहे, दिवंगत सासऱ्यांचे आणि चुलत सासऱ्यांचेही आहे. आपले आणि जाऊबाईंचे नाही. आपण दोघीही १३ मे रोजी मतदान केलेच असेल. ते कोणाला केले हे सांगण्याची आपल्यावर सक्ती नाही, गुप्ततेचा अधिकार आपलाही आहे. पण गेले वर्षभर आपण दोन मजल्यांमध्ये निरोप्याचे काम करत आहात आणि आपल्यालाही या निवडणुकीविषयी काही वाटते हे कोणी विचारलेले दिसत नाही. ते आपण न विचारता सांगा. यजमानांच्या एखाद्या म्हणण्याशी आपण सहमत नसाल तर ते त्यांना स्पष्ट सांगा, भाऊजींचे एखादे म्हणणे पटत असेल तर तेही. घरात दोनच बाजू आहेत असे जोवर वाटते तोवर प्रत्येक जण आपली बाजू राखत बसतो. चार माणसांची चार मते आहेत असे कळले की ही राखण आपोआप ढिली पडते. जाऊबाईंशी आपले बोलणे चालू असणार, असे मी गृहीत धरतो. सुरुवात तिथून करा.

गणपतीबाबत घाई नको. चुली वेगळ्या झाल्या की मूर्ती वेगळी बसवणे ही कित्येक मराठी घरांतली रीतच आहे आणि त्यात काही अशुभ नाही. यंदा एकच मूर्ती हवी असा हट्ट धराल तर ‘मूर्ती कोणाच्या मजल्यावर?’ या प्रश्नावर दुसरे भांडण उभे राहील. वर भाऊजींचा गणपती बसू द्या, खाली आपला. यजमानांनी पहिल्या दिवशीच्या आरतीला वर जावे, इतकेच. माफीचे बोलणे त्याआधी, साध्या दिवशी उरकलेले असावे. आरतीच्या वेळी सगळ्यांसमोर केलेला समेट दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

आणि दोघांना एकत्र काही काम हवे असेल तर ते आपल्या दारातच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. खर्च १८,०३६ कोटी रुपये आणि काम २०२८-२९ पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट. आज मुलाकडे पुण्याला जायचे तर गाडी रतलाम, बडोदा, सुरत, वसई असा वळसा घालून जाते, आणि त्या गाडीत ‘नोटा’वाल्यांचा व कमळवाल्यांचा डबा वेगळा नसतो. या मार्गाचे भूसंपादन कुठवर आले, यंदा किती निधी मिळाला, हे खासदारांना विचारत राहणे हे मतदारांचे काम आहे. यजमानांना बँकेतल्या सवयीने अर्ज उत्तम लिहिता येत असेल. माहिती अधिकारात त्यांनी विचारावे. भाऊजींची पक्षात ऊठबस आहे; त्यांनी तोंडी विचारावे. माझे तर असे मत आहे की निवडून आलेल्याला जाब विचारण्याची अधिक जबाबदारी त्याला मत देणाऱ्यावर असते, कारण विरोधकाचा प्रश्न विरोध म्हणून बाजूला सारता येतो, आपल्या माणसाचा तसा सारता येत नाही. ११ लाखांचे मताधिक्य मिळालेल्या खासदाराला विचारणारा समर्थक शहराला हवाच आहे.

नियम करण्याची आपल्याला फारच इच्छा असेल तर एक छोटा नियम मी सुचवतो. महापालिकेची मुदत २०२७ मध्ये संपते, त्यानंतर २०२८ च्या अखेरीस विधानसभा आहे. निकालाच्या दिवशी संध्याकाळी घरात कोणीही निकालावर बोलायचे नाही आणि ग्रुपवर काही टाकायचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहापासून हवे तितके बोलावे, हवे तितके भांडावे. हा नियम आपण आणि जाऊबाई, दोघींनी मिळून करा आणि दोघांनाही एकाच वेळी सांगा.